विमानं बनवायला निघालेला सोलापूरकर

कॉलेजला उशीर झालेला असतो. धानाच्या बांध्यांमधून तुम्ही गाडी दामटत असता आणि एकदम डोक्यावर फट्‌फट्‌फट्‌ आवाज सुरू होतो. तुम्ही काय करता? गाडी थांबवता आणि वर बघता. रोवणी करणाऱ्या बायाही कमरेवर हात ठेवून वर बघतात. हेलिकॉप्टर आलं की अर्जुनी मोरगावात पहिल्या तासाचं लेक्चर पाच मिनिटं थांबतं, हे काही नवीन नाही.

आपल्या भागात हेलिकॉप्टर म्हणजे नुसती हौस नसते. निवडणुकीत नेते येतात ते सोडून द्या. पण इथून पूर्वेला आणि दक्षिणेला गेलं की गडचिरोलीचं जंगल सुरू होतं. तिथे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. चकमकीत जखमी झालेल्या जवानाला नागपूरच्या दवाखान्यात न्यायचं असतं. मतदानाची यंत्रं आणि कर्मचारी दुर्गम केंद्रांवर उतरवायचे असतात. तिथे एस.टी. पोचत नाही, जीप पोचत नाही, मग वरून जावं लागतं.

आता एक प्रश्न स्वतःला विचारून बघा. ते हेलिकॉप्टर तिकडे जंगलात बिघडलं, तर?

तुमची गाडी बंद पडली तर अर्जुनीच्या चौकात मिस्त्री आहे. तो प्लग काढतो, घासतो, किक मारतो. हेलिकॉप्टरचं तसं नाही. ते जिथे जातं तिथे रस्ता नसतो म्हणून तर ते जातं, आणि जिथे रस्ता नाही तिथे गॅरेज कुठून असणार?

एका चाकाची गोष्ट

हलकं टर्बाइन हेलिकॉप्टर म्हणजे काय, ते आधी थोडक्यात समजून घेऊ. आपल्या देशात सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे चेतक. पायलट धरून सात माणसं बसतात आणि माल-माणसांसकट वजन जास्तीत जास्त २,२०० किलो. मूळ यंत्र फ्रान्सचं, तिकडचं नाव अलुएत-३. आपण ते परवान्यानं इथे बनवायला घेतलं.

त्याच्या इंजिनाचं तत्त्व सोपं आहे. समोरून हवा ओढायची, ती दाबायची, त्यात इंधन जाळायचं आणि जोरानं बाहेर पडणाऱ्या गरम वायूनं एक चाक फिरवायचं. हे चाक म्हणजे टर्बाइन. चेतकमध्ये ते मिनिटाला सुमारे ३३,५०० फेऱ्या घेतं. डोक्यावरचं पंख्याचं पातं मात्र मिनिटाला साडेतीनशेच्या आसपासच फिरायला हवं. मधला सगळा फरक गिअरबॉक्स सांभाळतो. पिस्टनच्या इंजिनापेक्षा टर्बाइन वजनाला हलकं आणि ताकदीला जास्त, म्हणून ते आल्यावर हेलिकॉप्टर खऱ्या अर्थानं कामाचं झालं.

पण लाड फार. धूळ आत गेली की आतली पाती झिजतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर गेला की हवा विरळ होते, मग इंजिनाला ताकद कमी मिळते आणि पात्यांना उचलायला हवा कमी मिळते. अशा वेळी एखादा माणूस खाली ठेवूनच उडावं लागतं. गिअरबॉक्सच्या तेलात एक लोहचुंबक बसवलेलं असतं. आत कुठे दाता झिजायला लागला की धातूचा कण त्याला येऊन चिकटतो. मेकॅनिक तो कण बोटावर घेऊन बघतो आणि ठरवतो, हे यंत्र आज उडणार की नाही. प्रत्येक महत्त्वाच्या भागाचे तास वहीत लिहिलेले असतात. तास भरले की तो भाग काढायचा आणि मोठ्या कारखान्याकडे पाठवायचा.

हा मोठा कारखाना म्हणजे बंगळुरूचं हिंदुस्तान एरोनॉटिक्स. सगळे ज्याला एचएएल म्हणतात ते. चेतक तिथेच तयार झालं. आणि हा कारखाना ज्यानं सुरू केला तो माणूस सोलापूरचा होता. नाव तुम्हाला माहीत आहे, कारण तुमच्यापैकी कुणाच्या तरी मित्राला त्या नावाच्या कॉलेजात ॲडमिशन मिळालेली असते. सांगलीचं वालचंद, सोलापूरचं वालचंद. ते वालचंद म्हणजे कोण, हे मात्र बऱ्याचदा कुणी सांगत नाही. तर आज त्यांचीच गोष्ट.

ज्वारीत बुडालेला पोरगा

वालचंद हिराचंद दोशी. जन्म २३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर. घर गुजराती जैन व्यापाऱ्यांचं, पण पिढ्या सोलापुरात रुळलेल्या. मुंबईला सेंट झेवियर्समध्ये शिकायला गेले, पण पदवी काही पदरात पडली नाही. घरच्या सावकारी-व्यापारात मन लागत नव्हतं. स्वतःच्या हिमतीवर धान्याचा व्यापार करून बघितला, तर ज्वारीत चांगलंच नुकसान झालं.

म्हणजे बघा, विशी ओलांडलेली, डिग्री नाही, पहिला धंदा बुडालेला. आजच्या भाषेत बायोडेटा रिकामा.

याच काळात त्यांना लक्ष्मणराव फाटक भेटले. फाटक हे रेल्वेत कारकून होते, नोकरी सोडून कंत्राटं घ्यायची त्यांची इच्छा होती. कामाची माहिती फाटकांकडे, भांडवल आणि धाडस वालचंदांकडे. दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेचं काम घेतलं. तिथून पुढे रूळ, पूल, बोगदे. मुंबई-पुणे रेल्वेनं जाताना बोर घाटात जे बोगदे लागतात, त्यातल्या काही कामांवर त्यांच्या कंपनीचा हात आहे. मुंबईला पाणी नेणाऱ्या तानसाच्या नळाचं कामही त्यांनी केलं.

पुढे साखर आली. इंदापूर तालुक्यातल्या माळरानावर ऊस लावला आणि त्यातून वालचंदनगर उभं राहिलं. मालेगाव तालुक्यात रावळगावला कारखाना काढला. लहानपणी तुम्ही खाल्लेल्या रावळगावच्या गोळ्या तिथल्याच.

इथपर्यंत गोष्ट एका यशस्वी कंत्राटदाराची आहे. असे कंत्राटदार तेव्हाही बरेच होते. वालचंदांचं वेगळेपण पुढे दिसतं. इंग्रज सरकार जे धंदे हिंदी माणसाला करूच देत नव्हतं, नेमके त्याच धंद्यांत ते एकामागोमाग एक शिरत गेले.

आधी समुद्र

पहिलं महायुद्ध संपलं होतं. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं 'लॉयल्टी' नावाचं जहाज युद्धात इस्पितळ म्हणून वापरलं गेलं होतं आणि आता विक्रीला होतं. वालचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्यासारख्या साथीदारांनी ते घेतलं आणि सिंधिया स्टीम नेव्हिगेशन ही कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून इंग्लंडकडे निघालं. आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिवस म्हणून पाळतात, तो याच दिवसामुळे.

ब्रिटिश कंपन्यांना हे सहन होणं शक्यच नव्हतं. त्यांनी मालवाहतुकीचे दर इतके पाडले, की नवीन कंपनी बुडालीच पाहिजे. त्याआधी कितीतरी हिंदी जहाज कंपन्या अशाच बुडाल्या होत्या. सिंधिया मात्र तगली. वालचंद वर्षानुवर्षं भांडत राहिले, करार केले, पुन्हा भांडले. या भांडणातून ते एक गोष्ट पक्की शिकले. दुसऱ्याकडून जहाज विकत घेऊन चालवणं पुरेसं नाही, ते बनवता आलं पाहिजे. दुरुस्तीला आणि सुट्या भागांना तुम्ही ज्याच्या दारात जाता, त्याच्या मर्जीवर तुमचा धंदा असतो.

वरच्या हेलिकॉप्टरच्या प्रश्नाशी हे कुठे जुळतं ते तुमच्या लक्षात आलं असेल.

विमानात भेटलेला माणूस

१९३९. दुसरं महायुद्ध पेटलं होतं. वालचंद अमेरिकेत गेले होते ते मोटारगाड्यांच्या कारखान्यासाठी, कुणी तंत्रज्ञान देतं का ते बघायला. परतताना पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या विमानात त्यांची विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन माणसाशी ओळख झाली.

हा पॉली म्हणजे वल्ली होता. चीनमध्ये तो विमानांची जुळणी आणि दुरुस्ती करणारा कारखाना चालवत होता. जपानी फौजा पुढे सरकल्या की कारखाना मागे हलवायचा, असं करत करत तो बर्माच्या सीमेजवळ लोइविंग नावाच्या आडगावात पोचला होता. डोंगर, जंगल, साथीचे रोग, आणि त्यात विमानं जुळवणारी माणसं. दुर्गम भागात यंत्र दुरुस्त करून उडवायचं म्हणजे काय, हे पॉलीला चांगलं ठाऊक होतं.

वालचंदांच्या मनात गणित सुरू झालं. चीनमध्ये युद्ध चालू असताना एखाद्या सीमेवरच्या खेड्यात विमानं जुळवता येतात, तर हिंदुस्थानात का नाही?

तेव्हा इंग्रज सरकारला हिंदुस्थानात विमानांचा कारखाना नकोच होता. इथे विमानं बनायला लागली, तर युद्धानंतर इथला माणूस आपल्याकडून विमानं घेणार नाही, ही साधी भीती. पण १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि हवा बदलली. इंग्लंडला स्वतःचीच विमानं पुरेनात. नाखुशीनं का होईना, परवानगी मिळाली.

जागा कुठे? म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माइल पुढे आले. बंगळुरूची हवा थंड, शिवनसमुद्रची वीज हाताशी, भद्रावतीचं पोलाद जवळ, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स गावातच आणि युद्धाच्या आघाडीपासून लांब. संस्थाननं जमीन दिली आणि भांडवलही घातलं. २३ डिसेंबर १९४० ला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी नोंदली गेली. काही महिन्यांत हिंदुस्थान सरकारही भागीदार झालं. आपल्या गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी, जिथून आज शिकाऊ पायलटांची विमानं उडतात, तीही त्याच महायुद्धाच्या काळातली. देशभर धावपट्ट्या होत होत्या, पण त्यांवरून उडणारं यंत्र बनवण्याचं ठिकाण एकच होतं.

अमेरिकेहून यंत्रं आली, तंत्रज्ञ आले. आजूबाजूच्या गावांतली पोरं कामाला लागली. त्यातल्या बहुतेकांनी त्याआधी विमान जवळून पाहिलंही नव्हतं. ऑगस्ट १९४१ मध्ये, म्हणजे कंपनी निघाल्यापासून वर्षाच्या आत, पहिलं विमान उडालं. हार्लो नावाचं छोटं प्रशिक्षण विमान होतं ते. भाग अमेरिकेतून आलेले, जुळणी इथली. पुढच्या जुलैत हॉक जातीचं लढाऊ विमानही उडालं.

अडचणीचा प्रश्न

इथे जरा थांबू. कॉलेजातल्या वादविवाद स्पर्धेत चांगला रंगेल असा प्रश्न आहे.

१९४० मध्ये देशात काय चाललं होतं? गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला होता. इंग्रजांच्या युद्धाला मदत करायची नाही, असं सांगत लोक तुरुंगात जात होते. आणि त्याच महिन्यांत वालचंद इंग्रज सरकारच्या ऑर्डरीवर लढाऊ विमानं बनवायचा कारखाना उभारत होते. ही देशभक्ती की धंदा?

वालचंद काही संत नव्हते. नफा त्यांना हवा होता. संधी दिसली की ते झेप घेत. ज्या सरकारशी समुद्रावर वीस वर्षं भांडले त्याच सरकारबरोबर आकाशासाठी भागीदारी केली. पण दुसरी बाजूही आहे. युद्ध संपणार होतं, इंग्रजही कधी ना कधी जाणार होते. त्या दिवशी या देशातल्या किती लोकांना विमानाचा सांगाडा जुळवता येत असेल, किती जणांना इंजिन उघडून पुन्हा लावता येत असेल? सत्याग्रहीला तुरुंगात हे शिकता येणार नव्हतं आणि कारखान्यातल्या कामगाराला सत्याग्रह करता येणार नव्हता. दोन्ही गोष्टी देशाला लागणार होत्या. तुम्हाला यातलं कोणतं पटतं ते तुम्ही ठरवा.

कारखाना गेला

१९४२ चा एप्रिल उजाडला. जपानी विमानांनी ५ तारखेला कोलंबोवर बॉम्ब टाकले आणि ६ तारखेला विशाखापट्टणमवर. विशाखापट्टणमला वालचंदांचा जहाजबांधणीचा कारखाना उभा राहत होता. वर्षभरापूर्वीच, २१ जून १९४१ ला, राजेंद्र प्रसादांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली होती. ते काम ठप्प झालं.

त्याच महिन्यात बंगळुरूचा कारखाना सरकारनं ताब्यात घेतला. शत्रू दारात आलाय, अशा वेळी विमानांचा कारखाना खासगी हातात नको, हे कारण. वालचंदांच्या गटाचे शेअर सरकारनं विकत घेतले. मोबदला मिळाला, नाही असं नाही. पण कारखाना गेला. सुरू होऊन जेमतेम सोळा महिने झाले होते.

आणि पुढे जे झालं ते विमान बनवायला निघालेल्या माणसाला जास्तच लागलं असणार. सरकारनं तिथलं नवीन विमानांचं काम जवळजवळ बंद केलं. ४८ हॉक विमानांची ऑर्डर होती, प्रत्यक्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच झाली. १९४३ मध्ये कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या हाती दिला गेला आणि तो दुरुस्तीचा तळ बनला. बर्माच्या आघाडीवरून आणि हिमालय ओलांडून चीनला जाणाऱ्या मार्गावरून थकलेली, मोडलेली विमानं तिथे यायची. इंजिनं उघडायची, झिजलेलं काढायचं, नवीन बसवायचं, चाचणी घ्यायची आणि परत पाठवायचं.

म्हणजे स्वप्न होतं देशाचं विमान बनवायचं आणि हाती आलं दुसऱ्याच्या विमानांचं गॅरेज. हार झाली, असंच कुणीही म्हटलं असतं.

गॅरेजनं काय शिकवलं

पण तुम्ही कधी मिस्त्रीच्या हाताखाली काम केलंय? सुट्टीत एखाद्या गॅरेजवर बसलेल्या मित्राला विचारा. नवीन गाडी जोडणाऱ्याला एकच पान्याचं काम येतं. दहा प्रकारच्या बिघडलेल्या गाड्या उघडणाऱ्याला ती गाडी का चालते आणि का बंद पडते, दोन्ही कळतं. बंगळुरूच्या हजारो कामगारांचं युद्धाच्या त्या वर्षांत असंच शिक्षण झालं. लहान-मोठी, एका इंजिनाची, चार इंजिनांची, पाण्यावर उतरणारी, अशी कितीतरी प्रकारची विमानं त्यांच्या हाताखालून गेली.

त्याचा निकाल युद्धानंतर लगेच दिसला. कानपूरच्या विमानतळावर लिबरेटर जातीची चार इंजिनांची मोठी बॉम्बफेकी विमानं टाकून दिलेली होती. ती पुन्हा उडू नयेत म्हणून जाताना त्यांची मुद्दाम मोडतोड केली होती. स्वतंत्र भारताकडे मोठं बॉम्बफेकी विमान नव्हतं आणि घ्यायला पैसे नव्हते. एचएएलची माणसं कानपूरला गेली. एकाचा भाग काढून दुसऱ्याला लावत, उघड्या मैदानावर, विमान कसंबसं उडण्याजोगं करायचं, एवढंच काम तिथे करायचं होतं. मग कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी ते उडवत बंगळुरूला न्यायचे. त्यांनी त्याआधी लिबरेटर कधी चालवलेलं नव्हतं. बंगळुरूत नीट दुरुस्ती व्हायची. अशी चाळीसच्या वर विमानं भंगारातून उभी राहिली आणि १९४८ पासून हवाई दलात दाखल होऊ लागली. ती १९६८ पर्यंत उडत होती.

त्यानंतर खरी परीक्षा. आपल्याच माणसांनी कागदावर आखलेलं, आपल्याच कारखान्यात बनलेलं विमान. एचटी-२ नावाच्या या प्रशिक्षण विमानाची रचना डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या हाताखाली झाली. हे कोल्हापूरकडचे. जर्मनीत गॉटिंगनला लुडविग प्रांटल या जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाकडे त्यांनी डॉक्टरेट केली होती आणि कारखाना नवा असतानाच ते तिथे रुजू झाले होते. ५ ऑगस्ट १९५१ ला एचटी-२ पहिल्यांदा उडालं. चालवत होते तेच जमशेद मुन्शी. हवाई दलाच्या वैमानिकांच्या कितीतरी तुकड्या पुढे याच विमानावर उडायला शिकल्या.

१९६२ मध्ये फ्रान्सबरोबर अलुएतचा करार झाला आणि १९६५ मध्ये बंगळुरूत जुळलेलं पहिलं चेतक उडालं. पुढे त्याचा धाकटा भाऊ चीता आला. सियाचीनच्या हिमनदीवर वीस हजार फुटांच्या आसपासच्या चौक्यांवर रॉकेल, औषधं आणि आजारी जवान यांची ने-आण करायला अनेक वर्षं हेच चीता जात राहिलं. तिथे उतरायला टेबलाएवढी जागा, आणि इंजिन बंद करायची सोय नाही, कारण थंडीत पुन्हा सुरू झालं नाही तर? गडचिरोलीचं जंगल आणि सियाचीनचा बर्फ यांत फरक जमीन-अस्मानाचा, पण प्रश्न एकच. बिघडलं तर जवळ कुणी नाही. म्हणून निघायच्या आधीच मेकॅनिकचा हात पक्का असावा लागतो.

शेवटची वर्षं

वालचंद यातलं किती बघू शकले? फार नाही.

बंगळुरू गेल्यावर ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. ज्या मोटारीसाठी ते अमेरिकेला गेले होते, तिचा कारखाना १९४४ मध्ये मुंबईत कुर्ल्याला निघाला. प्रीमियर ऑटोमोबाइल्स. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची पद्मिनी याच कंपनीची. विशाखापट्टणमचं कामही पुन्हा सुरू झालं आणि १४ मार्च १९४८ ला 'जलउषा' हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडलं गेलं. समुद्रावरचं त्यांचं भांडण त्या दिवशी एका अर्थानं पूर्ण झालं.

१९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर ते कारभारातून बाजूला झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची काळजी घेतली. एचटी-२ उडालं तेव्हा वालचंद अंथरुणाला खिळलेले होते आणि तो कारखाना त्यांचा राहिलेला नव्हता. १९५२ मध्ये जहाजांच्या कारखान्याचा मोठा वाटाही सरकारकडे गेला. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमध्ये सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. वय सत्तर.

हिशेब मांडायला बसलात तर तो विचित्र दिसतो. विमानांचा कारखाना सोळा महिन्यांत हातून गेला. जहाजांचाही शेवटी सरकारचा झाला. पण दोन्ही कारखाने आजही चालू आहेत, हजारो माणसं तिथे काम करतात. बंगळुरू हे विमानांचं शहर झालं ते त्या एका निर्णयामुळे. वालचंदांच्या नावावर ते राहिलं नाही, देशाच्या कामाला मात्र आलं. तुमचं काम तुमच्या हातून काढून घेतलं गेलं, तरी ते वाया जातं असं नाही.

आणि तुम्ही?

आता पुन्हा आपल्या बांध्यांवर येऊ.

आपल्याकडे पोरं वर बघतात आणि म्हणतात, पायलट व्हायचं. छानच. बिरसी दूर नाही. पण त्याचा खर्च ऐकला की घरचे गप्प होतात. त्याच यंत्राशी जोडलेली दुसरी वाट मात्र फारसं कुणी सांगत नाही. विमान देखभाल अभियंता, म्हणजे एएमई. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स असलं की या अभ्यासाला जाता येतं आणि परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देतं. परीक्षा कठीण असतात, प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो आणि फी भरण्याआधी संस्थेला मान्यता आहे का ते तपासावंच लागतं. आयटीआय केलेल्यांनाही एचएएलसारख्या ठिकाणी शिकाऊ उमेदवारी असते. आणि मोठ्या विमानांच्या दुरुस्तीचा कारखाना बघायला बंगळुरूला जायलाही नको, नागपूरच्या मिहानमध्ये एक आहे.

या कामात फोटो येत नाही. पायलट खाली उतरला की लोक त्याच्याभोवती जमतात. मेकॅनिक मागे तेलाच्या हातानं वहीत सही करत असतो. पण ती सही झाल्याशिवाय पायलट वर जाऊ शकत नाही, हा नियमच आहे. सही करणाऱ्याला माहीत असतं, की आपण काय तपासलं आणि काय नाही यावर चार-पाच जणांचा जीव आहे. कुणी घाई करत असलं, साहेब ओरडत असला, तरी लोहचुंबकाला कण दिसला तर नाही म्हणायची हिंमत त्याला दाखवावी लागते.

तर पुढच्या वेळी फट्‌फट्‌ आवाज आला की गाडी थांबवा, वर बघा, लेक्चर पाच मिनिटं बुडू द्या. फक्त पायलट कोण असेल एवढाच विचार करू नका. आज सकाळी अंधारात टॉर्च तोंडात धरून ते गिअरबॉक्सचं झाकण कुणी उघडलं असेल, तेही मनात आणा. कदाचित तो आपल्याच एखाद्या गावचा असेल. आणि नसेल, तर ती जागा अजून रिकामी आहे.